दोघं एकाच पंगतीत

सुध्या, तुझ्या तेरवीला मी बोललो नाही. माईक माझ्यापर्यंत आला होता. तुझ्या कॉलेजच्या साहेबांनी 'आता सरांचे बालमित्र, वऱ्हाडी गप्पांचे बादशहा गजाननराव' असं म्हणून तो माझ्या हातात दिला, आणि मी तो तसाच शेजारच्याकडे सरकवला, नको असलेल्या भाजीचं पातेलं पुढं सरकवावं तसा. मागून कोणीतरी कुजबुजलं, "याले काय झालं बे?" त्याचं तरी काय चुकलं? ज्या माणसानं बडनेऱ्याच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहता पाहता अशी गप्प हाणली की आलेली गाडी निघेचना आणि ड्रायव्हर खाली उतरून विचारू लागला, 'मंग पुढं काय झालं?', तो माणूस भर मांडवात मुका झाला.

मला तुझ्याशी एकट्याशी बोलायचं होतं. विचारायचं होतं म्हण. पण ज्या दोघांबद्दल विचारायचं, ती दोघं त्या मांडवातच होती. एक जण धोतर खोचून पंगतीत वरण वाढत होता. एक जण तुझ्या फोटोजवळ बसली होती.

आपली दोस्तीच थापेवर उभी राहिली. अकोल्याच्या शाळेत मी सांगितलं होतं की आमच्या मामाच्या म्हशीनं एकदा एवढं दूध दिलं की मोर्णेला पांढरा पूर आला, आणि जुन्या शहरातल्या बायांनी पुलावरून घागरी सोडून अख्ख्या नदीला विरजण लावलं. सगळा वर्ग हसला. तू हसला नाहीस. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन गंभीर तोंडानं म्हणालास, "गज्या, इतकं दूध द्याले म्हैस कितीक मोठी लागंन, थे काढलं मी. तिचं एक शिंग आकोटात येते आन् एक बाळापुरात. पुढच्या वेळी शिंगं पन सांगजो. अर्धवट लबाडी नको करू."

त्या दिवसापासून मी तुला विचारल्याशिवाय खोटं बोललो नाही. बाकीचे माझ्यावर विश्वास ठेवायचे नाहीत, म्हणून हसायचे. तू आधी पूर्ण विश्वास ठेवायचास आणि मग गणित करून माझी थाप पायावर उभी करून द्यायचास. हसायचा मात्र कधीच नाहीस. तुला एकदा तरी हसवायचं, या एका हट्टापायी मी एवढा मोठा लबाड झालो. लोक म्हणतात अंगात कला होती. कसली कला! समोर तुझं ते इस्त्री केलेलं तोंड होतं.

मग मी गावोगाव गप्पा सांगत सुटलो आणि तू अमरावतीला कॉलेजात क्रिप्टोग्राफी शिकवायला लागलास. मी तिला कुलपांचं गणित म्हणायचो आणि तू 'चालंन' म्हणायचास. वाटलं होतं, आता तुझा माझा धंदा जन्मात एकमेकांना भेटणार नाही. पण माझ्या गप्पा मोबाइलवर आल्या. दर गुरुवारी सकाळी वर्गणीदारांना नवी गोष्ट. आणि काही दिवसांनी 'फुकटचा मळा' नावाचा एक चोरटा चॅनल उगवला. सकाळी माझी गोष्ट निघाली की संध्याकाळी ती मळ्यात. एकदा मी दाढीला बसलो असताना न्हाव्यानं मला माझीच गोष्ट ऐकवली आणि वर म्हणाला, "ऐका दादा, कोन्या पोट्ट्यानं भारी सांगितली." गालावर वस्तरा होता म्हणून गप्प बसलो. नाहीतर त्या दिवशी त्या दुकानात एक तरी मुडदा पडला असता.

वर्गणीदार गळायला लागले, ते एक झालं. पण मला खरं लागलं ते वेगळंच. जन्मभर दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याची टोपी पळवणाऱ्या माणसाची टोपी कोणीतरी पळवत होतं, आणि मला हात दिसत नव्हता. मी तुला फोन केला. "सुध्या, तुह्या कुलपांचा काही उपयोग हाये का नुसतेच पोरं नापास करतं?"

तू त्याच आठवड्यात अकोल्याला आलास. आधी तू आवाजातच कानाला न कळणारी खूण दडवून पाहिलीस, प्रत्येक वर्गणीदाराची वेगळी. पण आपला चोर अडाणी निघाला आणि म्हणूनच भारी पडला. तो एक फोन वाजवायचा आणि दुसरा त्याच्यापुढे धरायचा. मागे कधी कुकरची शिट्टी, कधी गाडीचा हॉर्न. तुझी ती नाजूक खूण त्या शिट्टीत विरघळून गेली. तू दिवसभर माझ्या ओसरीवर बसून राहिलास, जेवला नाहीस. आणि मग चहा पिता पिता म्हणालास, "आवाजात नाही टिकत तर गोष्टीतच टाकू खूण."

"म्हनजे?"

"पाय, लग्नात दोन पंगती हायेत. एका पंगतीच्या वरनात गूळ टाकला, दुसरीच्या नाही टाकला. वाढनाऱ्याले तेवढं माहीत. आता गावात कोनी बोलत फिरला का वरन गोड होतं, तं थो कोन्या पंगतीतला?"

"गुळाच्या."

"मंग पुढच्या जेवनाले दुसऱ्या पंगतीले सोडून द्याचं. गुळाच्याच पंगतीच्या दोन पंगती कराच्या. एकीच्या भाजीत शेंगदाने, एकीच्या नाही. मंग पुन्हा ऐकाचं, गावात काय बोलून राह्यले. असं करत करत एक पान उरते."

"आन् त्या पानावर चोर बसला राह्यते!" मी ओरडलो.

"त्या पानावर किल्ली राह्यते," तू म्हणालास. मी तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही.

युक्ती तुझी, आणि गूळ माझा. गोष्टीच्या मधला एक तुकडा मी दोन तऱ्हांनी सांगायचा. दोन्ही तुकड्यांना तू वेगवेगळी कुलपं घालणार. प्रत्येक वर्गणीदाराच्या फोनात किल्ली अशी की दोनपैकी एकच कुलूप उघडेल. ज्याला जे उघडलं त्याला तीच गोष्ट, दुसरी काही होती हे त्याच्या गावीही नाही. मी फार हुशारीनं विचारलं होतं की दोन पंगतींतल्या दोन चोरांनी संगनमत करून वरणात वरण मिसळलं तर? तर तू मला जवळजवळ मिठी मारलीस. म्हणालास, जन्मात पहिल्यांदा तू कामाचा प्रश्न इचारला. अर्धं गोड वरणही काहीतरी सांगतंच, पंगती जास्त कराव्या लागतात इतकंच. तुझे डोळे त्या वेळी असे चमकत होते की मला वाटलं हसतोस की काय. नाही हसलास.

माझ्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून आपण रेकॉर्डिंग करायचो. दोघंच. बंडूलासुद्धा सांगितलं नव्हतं. आपला बंडू रे, पातूरचा, जुन्या शहरात भाजीचं दुकान लावणारा आणि दुकान उठलं की माझ्या कार्यक्रमात पेटीवर बसणारा. माझी थाप फार उंच गेली की तो खालून एक सूर धरतो, आणि मी पडत नाही. त्याच्यापासून मी आयुष्यात काही लपवलं नव्हतं. पण तू म्हणालास, वाढणाऱ्यालाच माहीत असावं.

पहिली गोष्ट सावलीची होती, आठवते ना? मे महिन्यात अकोल्याच्या रस्त्यावर माझी सावली मला सोडून पळाली. एका पंगतीसाठी ती रसवंतीत शिरली आणि बर्फावर बसली. दुसऱ्या पंगतीसाठी ती बँकेच्या थंड हवेत शिरली आणि साहेबाला म्हणाली, खातं उघडायचंय. बाकी सगळं तंतोतंत सारखं सांगायचं होतं. आणि तेच मला जमेना. दुसऱ्यांदा सांगताना मध्येच एक पोलीस आला.

"अबे, पोलीस कोठून आला?" तू डोक्याला हात लावलास.

"आला थो. रस्ता सरकारचा हाये."

"पयल्यांदा नव्हता आला!"

"तवा त्याची ड्युटी नसंन. सुध्या, एकच गोष्ट दोनदा सारखी सांगनं म्हनजे थाप नाही होत बे, साक्ष होते. माह्या घरान्यात कोनी साक्ष नाही देल्ली."

पण तू माझ्याकडून करवून घेतलंस. आणि गुरुवारी संध्याकाळी 'फुकटच्या मळ्या'त माझी सावली बँकेत शिरली. आपण दोघं ओसरीवर नाचायचेच बाकी होतो. मी नाचलोच. तू चष्मा पुसलास.

मग दर गुरुवारी एक वाटणी. एकदा जावयाच्या पायात चप्पल, एकदा बूट. एकदा आजोबांनी वाघाला तंबाखू दिली, एकदा सुपारी. पंगत अर्धी होत गेली, पुन्हा अर्धी. सुरुवातीला फार मजा आली. पण पंगत जसजशी लहान होत गेली, तसतसे पानांवरचे चेहरे ओळखीचे होत गेले. आधी ती नुसती नावं होती, पुण्या-नागपुराकडची. मग त्यात गावचे लोक उरले. मग नात्यातले. अचलपूरच्या कार्यक्रमात लोक पोट धरून हसत होते, आणि मी स्टेजवरून पाहत होतो की यातलं कोणतं हसू विकतचं आणि कोणतं चोरीचं. सुध्या, असं हसू तोलत जो गोष्ट सांगतो, त्याची गोष्ट पडते. त्या दिवशी पडली. बंडूनं खालून सूर धरला म्हणून कशीबशी घरी आली.

आणि मग तू एका दुपारी न कळवता आलास. बसस्टँडजवळच्या रसवंतीत मला बोलावलंस. बिनबर्फाचा रस मागितलास. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की तू मजेत आलेला नाहीस.

"दोन उरले," तू म्हणालास.

"सांग."

"एक आपला बंडू."

रसवंतीवाल्याच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. मी म्हटलं, "आन् दुसरा?"

"आमची रेखा."

तुझ्या घरची वर्गणी रेखावहिनींच्या नावानं होती. मित्राची गोष्ट फुकट ऐकायची नाही, हा तुझा नियम. मी हसण्यावारी न्यायला गेलो. म्हटलं, वहिनींचा फोन तर माहेरी अचलपूरला गेला की भाच्या-पुतण्यांच्या हातात असतो. तू म्हणालास, आणि बंडूचा दुकानावर वांग्यांच्या ढिगावर पडलेला असतो, गिऱ्हाईकसुद्धा उचलून लावतं. तेच सांगून राह्यलो मी तुले, तू म्हणालास. हे सारं गणित ज्यांनी बसवलं ते धरून चालले की एक किल्ली म्हणजे एक माणूस. त्यांनी वऱ्हाड पाहिलं नव्हतं. आपल्याकडे एक फोन म्हणजे एक गल्ली असते.

"किल्ली कोनाची, थे सांगंन मी," तू म्हणालास. "हात कोनाचा, थे नाही सांगू शकत."

"तू किल्ली सांग. हात मी पायतो. फक्त एक वाटनी राह्यली. याले उंट, तिले गाढव. हाय काय त्याच्यात!"

"समज निंगालं नाव. मंग?"

"मंग काय?"

"मंग तू काय करशीन गज्या?"

मी बरंच काही करणार होतो. मी असं करीन, मी तसं करीन, चोराला पातूरच्या लेण्यांत उलटा टांगीन. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "चोर सुटला तं एक गोष्ट जाते. भलत्याचं नाव घेतलं तं मानूस जाते." मी चिडलो. म्हटलं, तू घाबरतोस, तुला तुझ्या गणितावर भरवसा नाही. तू रस अर्धा ठेवून उठलास. जाता जाता म्हणालास, "करतो वाटनी. गुरुवारी कळंन."

ही आपली शेवटची समोरासमोरची भेट असेल असं वाटलं असतं, तर मी जरा बरं भांडलो असतो.

नाही, चुकलो. त्यानंतर एकदा आपण भेटलो होतो, रेकॉर्डिंगला. उंटाच्या गोष्टीला. परतवाड्याच्या बाजारातून मी उंट आणतो आणि बसमध्ये घालतो. कंडक्टर म्हणतो, याचं पूर्ण तिकीट लागेल. मी म्हणतो, साहेब, मान खिडकीबाहेर आहे, तेवढी वजा करा. गाढवाच्या गोष्टीत मान नव्हती, कान होते. गाढव नीट झालं. पण उंट सांगताना, ती वजा केलेली मान जेव्हा पुढच्या स्टॉपवरच्या म्हातारीला म्हणाली की 'बाई, बस मागून येऊन राह्यली', तेव्हा, सुध्या, तू हसलास. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आणि कसा हसलास! घोगरा, खोकल्यासारखा, गाद्या लावलेल्या त्या खोलीत मागे कोणी पोतं ओढत असल्यासारखा. मी सांगता सांगता थांबलो.

"कापून टाकतो तेवढं," तू डोळे पुसत म्हणालास.

गुरुवारी संध्याकाळी मळ्यात उंट निघाला. मी ताबडतोब फोन लावला. "उंट हाये! सुध्या, उंट कोनाच्या पानात वाढला होता?"

तू बराच वेळ बोललाच नाहीस. मग म्हणालास, "रविवारी ये अमरावतीले. बसून बोलू."

"नाव सांग ना बे!"

"फोनवर सांगाची गोष्ट नाही हे."

शनिवारी तू गेलास. रविवारी मी आलो, ठरल्याप्रमाणे. तू आपला शब्द पाळला नाहीस. बसला नाहीस.

पुढे काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. तेरवीच्या आधी मी एकदा तुझ्या घरी आलो होतो. तुझ्या आईनं, काकूंनी, अन्न सोडलं होतं. त्यांच्या उशाशी वहिनींनी फोन ठेवला होता आणि त्यात माझीच गोष्ट चालू होती. मला लाज वाटली, सुतकाच्या घरात माझी चावट बडबड. मी म्हटलं, "वहिनी, बंद करा हे."

"राहू द्या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मधात त्याईचं हसू हाये. आई तेवढ्यासाठीच ऐकून राह्यल्या."

आणि त्या घोगऱ्या हसण्याशी काकूंनी डोळे मिटले आणि पेज प्याल्या. मी मात्र, सुध्या, हिशेब करत होतो. हसू उंटाच्या गोष्टीत होतं. म्हणजे वहिनींच्या पानात उंट. म्हणजे चोरी तुझ्या घरातून. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणि मी कान टवकारले. ती शिट्टी मळ्यातल्या शिट्टीशी जुळते का, ते मी तोलत होतो. तुझ्या आईच्या उशाशी उभं राहून. वऱ्हाडात काय एकट्या तुझ्याच घरी कुकर आहे?

परत येताना बसमध्ये बंडू शेजारी होता. मूर्तिजापूर मागे पडलं. मग त्यानं खिशातून फोन काढला. म्हणाला, "गजूदादा, एक ऐकवू? तुमची नवी गोष्ट. याच्यात सुधीरभाऊ हासले पाय. मी दहा डाव ऐकलं असंन."

त्याच्याही पानात उंट होता.

कॉम्प्युटरवरचा वाढायचा तो पडदा तू मला शिकवून ठेवला होतास, या बाजूला या पंगतीची नावं आणि त्या बाजूला त्या. घरी येऊन उघडला. गाढवाच्या पंगतीत साऱ्या वऱ्हाडाची पानं. उंटाच्या पंगतीत दोनच. तू वाटणी केलीच नव्हतीस. जी दोघं उरली होती, ती दोघं तू पुन्हा एकाच पंगतीत बसवलीस आणि मला म्हणालास, बसून बोलू.

काहून बे?

चूक झाली म्हणू? वहिनी सांगत होत्या की त्या बुधवारी तुला पित्त झाल्यासारखं वाटत होतं, छाती चोळत होतास, तरी 'गज्याचं काम राह्यलं' म्हणून उठून कॉम्प्युटरसमोर बसलास. म्हैस मोजणारा माणूस दोन नावं चुकीच्या बाजूला टाकेल? पण दुखणाऱ्या छातीला कसलं गणित? असंही झालं असेल.

की मुद्दाम केलंस? माझ्यासाठी? बंडूचं नाव निघालं तर हा लबाड उद्या स्टेजवर कोणाच्या सुरावर उभा राहील, असा विचार केलास? की स्वतःसाठी, सुध्या? वहिनींचं नाव मला कळू नये म्हणून? आणि फोनवर जो तू गप्प राहिलास, ते गप्प राहणं माणसाला वाचवणाऱ्याचं होतं की घराला? दोन्हींचा आवाज सारखाच येतो. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं.

की हे काहीच नाही, आणि जे हसू कापून टाकतो म्हणालास ते कापवलं नाही तुझ्याच्यानं, आणि जी दोन माणसं ते जपून ठेवतील त्यांच्या पानात वाढलंस? एवढा मोठा मनकवडा तू नव्हतास. पण वाढून तर तसंच झालं. बघ ना, ज्या लोकांनी इमानानं वर्गणी भरली त्यांच्याकडे तुझं हसू नाही. त्यांच्याकडे गाढव आहे. तुझं हसू फुकट्यांकडे आहे. मळ्यातून ते कुठं कुठं गेलं असेल! न्हाव्याच्या दुकानात लागलं होतं परवा. मी दाढी नसताना जाऊन बसलो आणि ऐकलं. ज्या चोराला मी उलटा टांगणार होतो, त्याच्या मळ्यात मी पहिल्यांदा हात जोडून उभा राहिलो.

अजूनही एक वाटणी केली की कळतं. मला येतं आता ते करायला. याला एक, तिला दुसरं. गुरुवारी सगळा निकाल. बंडू असेल तर कळेल की तू माझ्यासाठी थांबला होतास. वहिनी असतील तर... आता ती परीक्षा बंडूची नाही आणि वहिनींचीही नाही. ती तुझी आहे. आणि तू तर उत्तर द्यायला यायचा नाहीस. तुझ्या वतीनं 'हात कोनाचा थे नाही सांगू शकत' असं म्हणणारा माणूसच या जगात उरला नाही. उरलो तो मी, शेंडी लावण्यात हयात गेलेला.

पण न कळताही जगणं सोपं नाही, हे तुला सांगून ठेवतो. तेरवीच्या पंगतीत बंडूनं माझ्या पानात वरण वाढलं, आणि मी चाखून पाहिलं, गूळ आहे का. असा झालोय मी. हे तुझ्या युक्तीनं झालं की माझ्या हट्टानं, यावर आपण पुढच्या भेटीत भांडू.

आज मी तुझी गोष्ट रेकॉर्ड केली. गाद्या लावल्या, आणि पहिल्यांदाच बंडूला पेटी घेऊन आत बोलावलं. वहिनींना फोन करून विचारलं, "सुध्याची गोष्ट सांगू काय लोकायले?" त्या म्हणाल्या, "सांगा. पन वाढवून नका सांगू भाऊजी." मी म्हटलं, बरं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी अशी अट घातली.

दोन तऱ्हांनी सांगायची ठरवूनच बसलो होतो, खोटं कशाला बोलू. एका पंगतीला तू बिनबर्फाचा रस पितोस, दुसरीला चहा. एवढा बारीक फरक, कोणाचं काय जातं? पण तोंडाशी आल्यावर लक्षात आलं, तुझ्या दोन गोष्टी करायच्या म्हणजे त्यातली एक खोटी होणार. तू चहा प्यालाच नव्हतास त्या दुपारी. मामाच्या म्हशीला मी नदीएवढी केली, उंटाला बसमध्ये घातलं, पण तुझ्या हातात तो चहाचा कप मला देता येईना. रस तो रसच राहिला. बिनबर्फाचा. अर्धा.

शेवटाला आलो तेव्हा माझा आवाज फाटला. बंडूनं सूर धरून ठेवला होता, तो तसाच धरून त्यानं मला वाट दिली. मी संपवलं. त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "दादा, मधात आवाज चिरकला तुमचा. एक डाव आनखी घेऊ. दुसरी चांगली होईन."

मी त्याच्याकडे पाहिलं. साधा चेहरा, पातूरचा, भाजीवाल्याचा. काही दिसलं नाही. काही असेल तर दिसलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "एकच."

त्यानं पेटीचा भाता दाबला. आत राहिलेली हवा निघून गेली.

सगळी पानं मी एका पंगतीत मांडली आहेत, सुध्या. उद्या गुरुवार. संध्याकाळपर्यंत तू मळ्यात पोचशील. आजवर माझ्या घरातून नुसत्या थापा चोरीला गेल्या. उद्या पहिल्यांदा खरं जाईल.